बंद कॅमेऱ्यातून

दुकानदार नव्या मिररलेस कॅमेऱ्याचं कौतुक करत होता. "मॅडम, यात जे दिसतं तेच फोटोत येतं. जुना डीएसएलआर आता कशाला घेता?" इतकं गोड बोलणं ऐकलं की मला संशय येतो. मी नवऱ्याला दाराशी उभं केलं आणि नवा कॅमेरा डोळ्याला लावला. आतल्या इवल्याशा पडद्यावर तो चक्क टवटवीत दिसला, गालांवर लालीसुद्धा. महिन्यापूर्वी दवाखान्यातून घरी आलेला माणूस हा नव्हेच. हल्ली मुलीपासून शेजारणीपर्यंत सगळेच मला तो असा उजळ करून दाखवतात. फोटोत येईल ते दिसतं, मान्य. पण समोर आहे ते दिसतं का?

मग जुना घेतला. हातात नुसता धोंडा. पण समोरचा उजेड त्याच्या आतल्या आरशावरून थेट डोळ्यात येतो, मधे कुणाची लुडबुड नाही. नवरा हसत होता. "मी ठणठणीत आहे" असं रोज सांगताना हसतो, तसंच.

खात्री करावी म्हणून मी दोन्ही कॅमेरे बंद करून पाहिले. नव्यात काळोख झाला. जुन्यात मात्र नवरा दिसतच राहिला. मी बटण बंद केलेलं त्यानं पाहिलं होतं. त्याला वाटलं, झालं, आता हिला काही दिसत नाही. त्यानं चेहऱ्यावरचं हसू काढून ठेवलं, दाराला हात टेकवला आणि डोळे मिटून दम खाल्ला.

"ठरलं का गं?" थोड्या वेळानं त्यानं पुन्हा हसत विचारलं.

"ठरलं," कॅमेरा डोळ्यावरून न काढता मी म्हणाले. "आधी डॉक्टरांकडे जाऊ."