मोरपंखी भिंतीचं सरकार

राज्यशास्त्राच्या पुस्तकात राज्य कसं जन्माला आलं याची मोठी सुरस कथा असते. माणसं आधी मोकाट होती, मग त्यांनी एकत्र बसून करार केला, थोडं स्वातंत्र्य सोडलं आणि त्याबदल्यात सुरक्षितता घेतली. एम.ए.ला हे वाचताना मला हसू यायचं. आमच्या घरचा करार बाबांनी एकट्यानेच केला होता. आई, मी आणि अंगणातली तुळस त्यात आपोआप आलो होतो.

बाबा भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते आणि आम्ही कारखान्याच्याच टाउनशिपमध्ये राहायचो. शाळा, दवाखाना, पाणी, वीज, सगळं कारखान्याचं. नळ गळायला लागला की मेंटेनन्स ऑफिसात तक्रार द्यायची. तिथले बाबू मान वर न करता म्हणायचे, "देखेंगे." मग आम्ही नळाखाली बादली ठेवून निष्ठेने वाट बघायचो. ज्यांच्या हाताखाली अवाढव्य यंत्रं तयार व्हायची ते बाबा घरच्या नळाचा वॉशर बदलत नसत. "ते आपलं काम नाही," म्हणायचे. भिंतीत खिळा ठोकायलाही परवानगी लागे, म्हणून आमचं कॅलेंडर खिडकीच्या कडीला लटकलेलं असायचं. आणि भिंती सगळ्या क्वार्टरांच्या एकाच फिकट पिवळ्या रंगाच्या. शेजारचे बंगाली, समोरचे पंजाबी, वरचे मल्याळी, सगळे त्या पिवळ्यात सुखाने नांदत. राष्ट्रीय एकात्मता म्हणतात ती बहुधा हीच.

आईला बैठकीची एक भिंत मोरपंखी हवी होती. फार नाही, एकच. नागपूरहून लग्न होऊन आली तेव्हा तिने तसं बोलून दाखवलं, तर बाबा म्हणाले, "आपलं स्वतःचं घर झालं की रंग तू ठरव." तिने ते मान्य केलं आणि उमेदीची सगळी वर्षं पिवळ्यात काढली.

मी कॉलेजात शिकलेलं संध्याकाळच्या चहाबरोबर घरी ऐकवायची. एका तत्त्वज्ञाच्या मते सरकार नसेल तर माणसं एकमेकांना फाडून खातील, तेव्हा सगळे अधिकार एका बलदंड सत्तेच्या हाती सोपवून गप्प बसावं. बाबांना हा गृहस्थ फार आवडला. दुसरा म्हणतो, सरकार लोकांच्या संमतीने चालतं आणि त्याने विश्वास मोडला तर लोकांनी ते बदलावं. इथे बाबांनी वर्तमानपत्र उघडलं. तिसरा म्हणतो, सर्वांची मिळून एक इच्छा असते आणि तिच्यापुढे मान तुकवणं हेच खरं स्वातंत्र्य.

"सर्वांची म्हणजे त्यात माझीपण धरलीय का?" आईने विचारलं.

पुस्तकात याचं उत्तर होतं, पण ते तिला सांगण्यासारखं नव्हतं.

बाबा निवृत्त झाले आणि आम्ही भोपाळमध्येच इंद्रपुरीत बांधलेल्या आमच्या घरी राहायला गेलो. निरोप समारंभात त्यांना एक मोठं घड्याळ मिळालं होतं. ते बैठकीत लावायचं त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. रंगारी आला तेव्हा आई नागपूरला भाचीच्या लग्नाला गेली होती. परत येऊन बघते तर सगळं घर फिकट पिवळं. तोच पिवळा, जराही फरक नाही. बाबांनी म्हणे रंगाच्या तीन दुकानांत फिरून तो हुबेहूब मिळवला होता.

"अनुभवाचा रंग आहे," ते अभिमानाने म्हणाले. "टिकतो."

दिलेला शब्द ते खरोखरच विसरले होते. मला त्यांचा भयंकर राग आला. आईने बॅग ठेवली आणि चहा टाकला. प्रजा इतकी शांत झाली की राज्यकर्त्याने सावध व्हायला हवं, पण बाबांनी माझी पुस्तकं कधी वाचलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते साकेत नगरला मित्राकडे गेले. आईने रिक्षा केली, रंगाचा डबा आणि ब्रश आणला, पदर खोचला आणि स्टुलावर चढली. मी मदत करू का विचारलं तर म्हणाली, "तू फक्त स्टूल धर." तिच्या कोपरापर्यंत रंगाचे ओघळ आले होते आणि ती गुणगुणत होती. तिला गुणगुणताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

संध्याकाळी बाबा परतले आणि दारातच थबकले.

"कोणाला विचारून केलंस हे?"

"कोणाला विचारायचं होतं?"

बाबू, मेंटेनन्स ऑफिस, वरचे साहेब, सगळे बाबांच्या डोळ्यांसमोरून गेले असावेत. इंद्रपुरीत त्यांच्यापैकी कोणीच नव्हतं.

भिंत वाळल्यावर एका सकाळी ते घड्याळ काखेत धरून, हातात हातोडी घेऊन तिच्यासमोर उभे राहिले. हवा तिथे खिळा ठोकायला आता कोणाची आडकाठी नव्हती. तरी ते थांबले, घसा खाकरला आणि स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "अगं, इथे एक खिळा ठोकला तर चालेल का?"

आई भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही.

"देखेंगे," ती म्हणाली.