उधाण पथकाला उडता का येत नाही

किस्से काही ठरवून जमत नाहीत. तिघं मिळून एखादं काम करायला बसावं, काम व्हायचं तेवढंच होतं, आणि बाजूला किस्स्यांचा ढीग लागतो. आमच्या 'उधाण पथक' या कॉमिकचे आजवर पाच अंक निघाले. फक्त पाच! पण कुणी विचारलं, "कसं सुचतं हो तुम्हाला हे?" की मी खुर्ची पुढे ओढतो आणि समोरच्याचा चहा गार होतो.

आधी माणसं सांगतो. लिहिते ती सुनंदाताई. राहते रोह्याला लागून वरसे गावात आणि धाटावच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टीचं काम बघते. चित्रं काढतो महेंद्र, पेणजवळच्या हमरापूरचा. घरचा गणपतीचा कारखाना आहे, आणि मूर्तीचे डोळे आखावेत ते महेंद्रनेच. मी संजू. रोह्यात माझं डीटीपीचं आणि फ्लेक्सचं दुकान आहे. पात्रांची वाक्यं फुग्यांत बसवणं आणि अंक छापणं माझ्याकडे. थोडक्यात, डोकं ताईचं, हात महेंद्रचा आणि चुका माझ्या!

गोष्ट आहे शंभर वर्षांनंतरच्या पेण-रोह्याची. समुद्र पार आत आलाय, गावं एका लांबच लांब बांधाच्या आड जगतायत, आणि तो बांध राखायला पाच जणांचं पथक आहे. प्रत्येकाकडे काहीतरी अचाट शक्ती. एवढं माहीत असलं की पुरे.

*

ताई माझ्या दुकानात पहिल्यांदा आली ती कॉमिक घेऊन नाही, पोस्टर घेऊन. 'गॅसगळती झाल्यास काय करावे', आणि खाली अकरा सूचना. मी छापून दिलं. महिन्याभराने परत आली.

"संजू, कोणी वाचत नाय रे. पोस्टरखालीच उभे राहून मोबाईल बघतात."

"अक्षर मोठं करू?"

"अक्षर नको. माणूस टाकू!"

पर्समधून एक कागद काढला. त्यावर तिनेच काढलेली चार वेडीवाकडी चित्रं. वासू नावाचा एक कामगार, तो दुसऱ्या कंपनीत उभा असला तरी त्याला गळणाऱ्या गॅसचा वास येतो. पहिल्या चित्रात तो नाक वर करून थांबतो. दुसऱ्यात वाऱ्याची दिशा बघतो. तिसऱ्यात ओरडतो, "वाऱ्याला आडवे चला, माझ्या मागून!" चौथ्यात सगळे गेटवर सुखरूप. फक्त एक जण डबा आणायला मागे वळलाय. तिथे कागद संपला होता.

पोस्टर लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टची माणसं ताईला वाटेत अडवून उभी!

"मॅडम, तो डबा आनायला गेला त्याचं काय झालं?"

ताई संध्याकाळी दुकानात आली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. "अकरा सूचना लिहिल्या तेव्हा एकाने एक प्रश्न विचारला नव्हता. आता अख्खी शिफ्ट त्या डब्याच्या मागे लागलीय. संजू, आता मला पुढचं लिहावंच लागणार!"

*

एका वासूवरून ताईने अख्खं पथक रचलं. चित्रकार हवा म्हणून मी महेंद्रला गाठलं. त्याने आठ दिवसांत पथकाची पाचही माणसं काढून आणली. रंग काय, कपड्यांच्या चुण्या काय! पण आम्ही बघत राहिलो. पाचही जणांचं पोट थोडं पुढे, बोटं गुबगुबीत, डोळे मोठे आणि मायाळू. आणि पाचही जणांनी उजवा हात आशीर्वादाला वर केलेला!

"महेंद्र, हे लढायला चाललेत रे."

"ताई, हात वर करायचा तो आशीर्वादालाच. दुसरं काय मला ठाऊकच नाय!"

हळूहळू तो शिकला. पोटं आत गेली, मुठी वळल्या. पण खलनायक काही जमेना. बांध फोडून जमीन गिळायला निघालेला नराधम, आणि महेंद्रने काढला की असा शांत, प्रसन्न दिसायचा की बघून हात जोडावेसे वाटायचे. सहा वेळा खोडून काढला. सहाही वेळा प्रसन्न!

मला वाटलं, आता ताई भडकणार. ती चित्र हातात घेऊन म्हणाली, "राहू दे असाच. मीच गोष्ट बदलते. लोक याला हात जोडतात, म्हणून तर तो बांधापर्यंत पोचतो!"

पहिल्या अंकातली सगळ्यात अंगावर येणारी पानं तीच आहेत.

*

ताईच्या कंपनीत प्रत्येक ड्रमबरोबर एक कागद असतो. आत काय आहे, धोका काय, सांडलं तर काय करायचं, कुठे ठेवायचं. ताईने पथकातल्या प्रत्येकाचा असा कागद केला. कारण तिचा नियमच आहे, शक्ती दिली की तिचा धोका पण लिहायचा. नुसती शक्ती म्हणजे फुकटची ऐट!

पथकात ज्वाला नावाची मुलगी आहे, तिच्या तळहातातून आग निघते. तिचा कागद ताईने महेंद्रला दिला. तो मोठ्याने वाचायला लागला.

"धोका: रागावल्यास पेट घेते. प्रथमोपचार: थोडा वेळ एकटी सोडावी. साठवणूक: थंड व हवेशीर जागी, उन्हापासून दूर..."

वाचता वाचता थांबला. "ताई, ही हिरॉईन हाय का ड्रम?"

हसू नका. त्या एका कागदामुळे पाच अंकांत ज्वाला एकदाही खोटी वागलेली नाही. ती चिडली की वाचकाला आधी कळतं, की आता हिला एकटी सोडायला हवी. आणि पथकातल्यांना ते कळत नाही, तिथे गोष्ट सुरू होते.

*

सुपरहिरो म्हटला की उडणार, असं माझं ठाम मत. पहिल्या मसुद्यात लवणा नावाची पथकाची म्होरकी उडायची. महेंद्रने तिची ढगांतली चित्रंसुद्धा काढून ठेवली होती. पण ताई कोणाला विचारल्याशिवाय काही पक्कं करत नाही. एका रविवारी ती आम्हाला घेऊन पेणच्या खाडीकडे गेली. तिथे हिराबाई म्हणून एक बाई आहेत. जन्म मिठागरात गेला, भरतीचं पाणी नुसतं बघून सांगतात की आज कुठपर्यंत चढेल.

ताईने विचारलं, "हिराबाई, उधाण आलंय. बांधाला भगदाड पडलंय, पाणी आत घुसतंय. आणि तुम्हाला उडता येतंय. काय कराल?"

हिराबाईंनी ताईकडे असं बघितलं, जणू हिला ऊन लागलंय.

"उडून काय करू गो? बांध खाली हाय ना!"

ताई तडक पेण स्टँडवर आली. तिथे म्हणाली, "महेंद्र, ढग खोड."

तेव्हापासून आमचं पथक जमिनीवर आहे. लवणाची शक्ती आता तिच्या पायांत आहे. ती चिखलात उभी राहिली की कुठलंच पाणी तिला हलवू शकत नाही. जगातले सगळे हिरो वर जातात, आमची खाली रुतते! पेणच्या एका शाळेतल्या मुलींनी ते पान वर्गाच्या दारावर लावलंय.

*

आता माझी फजिती. मी वर्षानुवर्षं लग्नपत्रिका छापतोय, त्यामुळे माझी मराठी म्हणजे पत्रिकेची मराठी. ताईने लिहिलेली वाक्यं मला फार साधी वाटायची. मी तिला न विचारता जरा सुधारली.

ताईचा दंडक असा की छापण्याआधी प्रत्येक अंक कंपनीच्या बसमध्ये वाचायचा. पहिल्या शिफ्टची बस, माणसं कामावर निघालेली. ताई पुढे उभी राहून वाचते आणि जिथे लोक मोबाईल काढतात तिथे पेन्सिलने खूण करते. त्या दिवशी मीही सोबत होतो. खलनायक बांधावर उभा राहून गर्जतो ते वाक्य आलं. ताईने कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि जसं होतं तसं वाचलं:

"आपण सर्वांनी सहकुटुंब, सहपरिवार शरण यावे!"

बस हसून हसून हलली! मागच्या सीटवरून एक जण ओरडला, "मॅडम, जेवन हाय का मग?"

दुसरा एक वयस्कर ऑपरेटर मात्र मनापासून म्हणाला, "शंभर वर्सांनी पन आपली लोकं व्हय ला व्हय आनि नाय ला नायच बोलनार. तेवढं तरी राहू द्या."

ताईने ते वाक्य वहीत लिहून घेतलं. मी माझं तोंड खिडकीबाहेर काढलं.

*

दुसऱ्या अंकात मी याहून मोठा घोळ केला. ज्वाला छातीपुढे ढाल धरते, असं वाक्य होतं. इंग्रजी अक्षरांत टाईप केलं की मराठी उमटतं ना, त्या सोयीने ढालीची डाळ केली आणि मी बघितलंच नाही. अंक छापून वाटून झाला. 'बाण सुटले! ज्वालाने छातीपुढे डाळ धरली!'

चार दिवसांनी रोह्याच्या आतल्या गावातले गोविंदकाका दुकानात आले. भात आणि वाल पिकवणारा माणूस. हातात अंकाची गुंडाळी. नेमकी ताईही बसली होती.

"डाळ कुटली ते लिवलं नाय," काका म्हणाले.

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. ताईने मात्र खुर्ची दिली. "तुम्ही सांगा काका, कुठली असेल?"

काकांनी तासभर सांगितलं. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल कसा येतो, बियाणं कसं राखतात, सगळं. ताई लिहून घेत होती. तिसऱ्या अंकाची गोष्ट तिथेच तयार झाली: बांधाच्या आत राखून ठेवलेलं वालाचं शेवटचं बियाणं खलनायक पळवतो. ताईने मसुदा काकांना वाचून दाखवला. त्यात तिने लिहिलं होतं की खलनायक वालाची डाळ पळवून आपल्या राज्यात पेरतो.

काका उठून उभे राहिले. "ताई, डाळ पेरून उगवते काय कुटं? अख्खा वाल लागतो!"

दुसरी कोणी असती तर शब्द बदलून मोकळी झाली असती. ताईने डाळ तशीच ठेवली! खलनायक अख्खे वाल पळवतो, भरडतो, त्यांची डाळ करतो, मोठ्या थाटात पेरतो आणि वाट बघत बसतो. पथक लढायला पोचतं तर हा उघड्या शेताकडे डोळे लावून बसलाय! काकांची फक्त एकच अट होती:

"तो शेहराकडचा दाखवा. आमच्यातला असा येडा नसतो."

*

पथकातल्या एकाबद्दल अजून बोललो नाही. त्याचं नाव नाना. म्हातारा आहे. बांधाला कान लावला की आत पाणी कुठे वाट काढतंय ते त्याला ऐकू येतं. हा ताईने कुठून आणला, ते आम्हाला कधी विचारावं लागलं नाही. ताईचे वडील खाडीकाठचे, उधाणाच्या दिवसांत काठी घेऊन बांधावर फिरायचे. काही वर्षांपूर्वी पेणच्या एका दवाखान्यात ते वारले. ताई कामावर होती. ताईची आई त्यांच्यासाठी पेज आणायला घरी गेली होती. पेजेचा डबा घेऊन परत आली तेव्हा खाट मोकळी होती. मी आणि महेंद्र तिला माई म्हणतो. माई त्याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही.

पाचव्या अंकात ताईने नानाला मारायचं ठरवलं. बांध वाचतो, नाना वाचत नाही. लिहायला तिला तीन महिने लागले. माईला वाचता येत नाही, म्हणून ताई प्रत्येक गोष्ट तिला वाचून दाखवते. त्या दुपारी मी आणि महेंद्र वरशाला तिच्या घरीच होतो. माई खाली बसून वाल सोलत होती. ताईने शेवटपर्यंत वाचलं. माईने हात थांबवले.

"येकटाच मरतो?"

"व्हय."

"जवल कोन नाय?"

"आई, बाकीचे चौघं दुसऱ्या टोकाला पाणी अडवतायत. कोणाला सोडून येता येत नाही. गोष्टीत तसंच बसतं."

"मंग मला बसव."

ताई तिच्याजवळ सरकली. मग शाळेतल्या मुलीला समजवावं तसं म्हणाली, "आई, ही गोष्ट शंभर वर्षांनंतरची आहे गो."

"मंग? तवा लोकांना पेज लागनार नाय?"

शक्ती काय, धोका काय, ही बाई बांधावर आली कुठून, यातलं काहीच ताईने विचारलं नाही. कागद खाली ठेवला आणि महेंद्रला म्हणाली, "काढ."

माई उठली. आत जाऊन तोंड धुऊन आली, लुगडं बदलून आली, हातात झाकण लावलेला डबा घेऊन खुर्चीत बसली. महेंद्रने पॅड मांडीवर घेतलं. लुगडं काढलं, हात काढले, डबा काढला. चेहऱ्यापाशी येऊन पेन्सिल थांबली.

"माई," त्याने हळूच विचारलं, "रडताना दाखवू?"

"रडू कशाला रं?" माई म्हणाली. "येलेवर आलेय ना मी!"