पाटलांच्या पडवीतली लोकशाही

तीच माणसं त्याच पडवीत रोज टेकू लागली की किस्से पेंढ्याच्या उडवीसारखे साठतात. एक काडी ओढावी, तर चार सोबत येतात! आमची पडवी खर्डीजवळच्या आमच्या गावच्या पाटलांची. मास्तर स्टेशनवरून शिळं वर्तमानपत्र आणत आणि कोणत्या देशात राज्य कसं चालतं ते सांगत. स्वराज्य आलं, तर आपण कोणती तऱ्हा घ्यावी, हा आमचा रोजचा वाद.

त्या साली वादात विहीर शिरली. लोकल बोर्डाने एकच मंजूर केली होती. जागा गावाने ठरवायची. पाटलांना ती आपल्या दारात हवी होती. वरच्या वाडीतल्या चिमीकाकूला आपल्या वाडीत. तिची पोटुशी सून ओढ्याच्या चढावर हंड्यासकट पडली होती, थोडक्यात वाचली.

* * *

मास्तर म्हणाले, "इंग्लंडात राजा नुसता बसतो. कारभार प्रधान करतो."

"म्हंजे आमचे पाटील आन् पाटलीणबाई!" गणू न्हावी म्हणाला.

पाटील सर्वांत मोठ्याने हसले. आतून आवाज आला, "हसनं झालं आसंल तर जेवाया या."

पाटील उठलेच!

* * *

अमेरिकेत अध्यक्ष एकदा निवडला की चार वर्षं तोच, हे ऐकून गणू हादरला.

"चार वर्सं? आरं, आमी बैल घेतो तो पन आधी आठ दिस नांगराला लावून बघतो!"

फ्रान्सात मंत्रिमंडळ सहा-सहा महिन्यांत पडतं, असं कळल्यावर म्हणाला, "मंग आपला ओढ्यावरचा साकव बरा. पावसापत्तूर तरी टिकतो!"

* * *

विलायतेत सरकारला विरोध करणाऱ्या पुढाऱ्याला सरकारच पगार देतं, अशी बातमी आली. सगळ्यांनी गणूकडे पाहिलं; पडवीत पाटलांची रोज खोड काढणारा तोच.

गणू गंभीरपणे म्हणाला, "मास्तर, माजं मागचं पन धरून द्या!"

* * *

स्वित्झर्लंडात लोक मैदानात जमून हात वर करतात. ही तऱ्हा पाटलांना फार आवडली. आपल्यासमोर हात वर करायची कोणाची छाती नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

पायरीशी उभ्या चिमीकाकूने विचारलं, "बाया पन करतात?"

"नाही. तिथे बायकांना मत नाही."

"मंग त्या देशात पानी कोन भरतं, मास्तर?"

मास्तरांनी वर्तमानपत्र पुढून-मागून पाहिलं आणि घडी घातली.

* * *

शेवटी ओढ्याच्या वाटेवरच्या खळ्यात सभा भरली. मास्तर म्हणाले, "विहीर वाडीत हवी, त्यांनी हात वर करा."

एकही हात हलेना. सगळे पाटलांकडे बघत होते.

तेवढ्यात ओढ्याकडून बायकांची रांग आली. डोक्यावर भरलेले हंडे आणि प्रत्येकीचा एक हात वर, हंड्याला! खळ्याच्या मधोमध येऊन त्या थांबल्या.

"बायांनो, हात खाली करा!" पाटील ओरडले.

"करू की," चिमीकाकू म्हणाली. "हंडे तुमी धरा!"

पाटील आणखी बोलणार होते, पण त्यांची नजर रांगेच्या शेवटाकडे गेली. तिथे पाटलीणबाई होत्या. त्यांच्या घरी पाणी गडी भरत असे. आज हंडा त्यांच्या डोक्यावर होता.

पाटलांनी हळूच हात वर केला.