सैल सोडलेला हात

हात उचलता येत असूनही तो उचलला जात नसल्याचे मी एकदा डॉक्टरांना दाखवले आणि त्या खोटेपणावर माझे खेळाडू म्हणून सारे आयुष्य उभे राहिले. हे मी पत्नीलाही सांगितले नव्हते. महादेवापुढेसुद्धा कधी उच्चारले नव्हते. पोलिओने लहानपणीच माझे दोन्ही पाय लुळे केले. आमच्या एकोडी गावच्या तलावात मात्र मी खांद्यांच्या बळावर कुणालाही मागे टाकीत असे. अपंगांच्या स्पर्धेत आधी शरीराची तपासणी होते आणि ज्याच्या अंगात जेवढे बळ, त्याप्रमाणे त्याचा गट ठरतो. त्या तपासणीत मी डावा हात सैल सोडला. डॉक्टर म्हणाले, "जोर लावा." मी दात आवळून जोर लावल्याचे सोंग केले. मला माझ्याहून दुबळ्या खेळाडूंच्या गटात घातले गेले.

त्या गटात आसगावचे धनराजभाऊ होते. त्यांचे हात खरोखरच दुबळे होते, तरी त्या गटात त्यांच्याइतके वेगाने कुणी पोहत नसे. पॅरालिम्पिकसाठी निवड एकाचीच व्हायची होती. ती माझी झाली. मी पॅरालिम्पिकला गेलो, तिथे सर्वांच्या मागे राहिलो, तरी गावाने गुलाल उधळला. पुढे मी पोहणे सोडले आणि खुर्चीवर बसून गोळा फेकू लागलो. लोकांना ती नव्या आव्हानाची हौस वाटली. खरे तर मी पाण्यापासून पळत होतो.

पन्नाशीनंतर तोच डावा खांदा खचू लागला. लहानपणी पोलिओ झालेल्यांना उतारवयात असे होऊ शकते, असे डॉक्टरांनी समजावले. गोळाफेक सुटली, मी नेमबाजीकडे वळलो. तिथल्या तपासणीत हात उचलायला सांगितल्यावर मी घामाघूम झालो, पण हात मांडीवरून हलेना. रायफल टेकवायला मला स्टँड मंजूर झाला. त्या डॉक्टरांनी माझ्यावर लगेच विश्वास ठेवला, याचीच मला लाज वाटली.

महाशिवरात्रीला मी गायमुखच्या यात्रेत गेलो, तो महादेवाकडे हात परत मागायला. कॅलिपरच्या पट्ट्या बांधलेल्या पायांनी पायऱ्या चढताना उजव्या काखेतली कुबडी निसटली आणि मी गर्दीत आडवा झालो. माणसे मला वळसा घालून गजर करीत पुढे जात होती. तेवढ्यात डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एक अनोळखी माणूस वाकला. त्याने मला उचलायला घेताच मी धडपडू लागलो.

"काहून जोर लावून राहिले जी काका?" तो वैतागला. "तुमच्यापेक्षा धानाचं पोतं बरं, गुमान पाठीवर येते. ढिल्लं सोडा ना अंग!"

मी अंग सोडले. त्याने मला पाठीवर घेऊन पिंडीसमोर नेऊन बसवले आणि मी नाव विचारण्याआधीच तो गर्दीत मिसळला. तो कोण होता, हे मी शोधले नाही. पिंडीपुढे मला हात मागवेना. आयुष्यात पहिल्यांदाच मी कसलेही सोंग न करता अंग सोडले होते आणि त्याच्या पाठीवर मला उमगले होते की इतकी वर्षे सारा जोर लावून मी ते खोटेच तेवढे धरून ठेवले होते. शरण जाणे म्हणजे काही मागणे नसावे. जे घट्ट धरले आहे ते खाली ठेवणे असावे. महादेवाने मला हात दिला नाही. जे दिले, त्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.

मी घरी न जाता थेट आसगावला गेलो. धनराजभाऊ अंगणात खाटेवर बसले होते.

"अरे बाप्पा, पॅरालिम्पिकवाले! रस्ता चुकले का जी?" ते हसले आणि त्यांनी चहा मांडायला सांगितले. बोलता बोलता मी पोहण्याचे विचारले.

"मी तं तेव्हापासून पाण्यात उतरलोच नाही. पोट्टे म्हणत, चला ना पोहायले. मी म्हणो, कायले? आपल्यातच दम नाही. तुमच्याच गटात असून तुमच्या जवळपासही येता आलं नाही मले."

चहा आला. पळून जावेसे वाटले. पण मी कप खाली ठेवला.

"दम होता तुमच्यात, धनराजभाऊ," मी म्हणालो. "माझा हात तेव्हा धडधाकट होता. मी डॉक्टरले खोटं दाखवलं आन् तुमची जागा घेतली. मले माफ करा."