सिस्टरांचा नाताळचा डबा

डिसेंबरात आमच्या रानात ऊसतोडीची टोळी उतरलेली असते, कारखान्याकडे ट्रॅक्टरची रांग लागलेली असते आणि अख्ख्या गावाला मळीचा वास येत असतो. त्या वासातूनही एखाद्या दुपारी आमच्या परसात वेलची-जायफळाचा वास यायचा. मग मी समजायचे, शेजारी सिस्टरांची बिस्किटं सुरू झाली. आणि मला धास्ती वाटायची. बिस्किटांच्या वासाला घाबरणारी बाई पारगावच्या पंचक्रोशीत मी एकटीच असेन.

सिस्टर म्हणजे आमच्या उपकेंद्रातल्या नर्स. नगरकडच्या ख्रिश्चन. नोकरीला इथं आल्या, आमच्या भिंतीला भिंत लावून दोन खोल्या घेतल्या, नवरा लवकर गेला, लेक शिकून पुण्याला लागली, तरी त्या रिटायर झाल्यावरही इथंच राहिल्या. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांच्या हातची. गावात अर्ध्या पोरांना पहिली चापट त्यांनीच मारलेली आहे, असं त्या स्वतःच सांगतात.

दिवाळीचा फराळ आमच्याकडून त्यांच्याकडे आणि नाताळची बिस्किटं त्यांच्याकडून आमच्याकडे, असा रिवाज मी लग्न होऊन आले तेव्हापासूनचा. आदल्या दिवशी त्या स्वतः डबा घेऊन यायच्या. इस्त्रीची साडी, केसांत छोटंसं फूल. माझ्या सासूबाई त्यांना तोंडभरून म्हणायच्या, "या सिस्टर, बसा. कशापायी एवढा तरास घेता?" सिस्टरांची पाठ वळली की तोच डबा माझ्या हातात यायचा. "वर ठिव. त्यात अंडं असतंय. आपल्याला न्हाई चालायचं."

सासूबाई माळकरी होत्या. त्यांच्यापुरतं ते खरंच होतं, मी नाकारत नाही. पण बाकीच्यांचं काय? आमचे हे मंचरला बाजार समितीत गेले की हायवेच्या धाब्यावर अंडाबुर्जी खाऊन येतात, हे घरात सगळ्यांना माहीत. पोरांच्या वाढदिवसाला बेकरीतून केक यायचा, त्यात अंडं आहे का असं कुणी आजवर विचारलेलं नाही. मी स्वतः माहेरी अंडी खातच वाढले. अंड्याचं नुसतं नाव होतं. खरं काय ते सासूबाई एकदाच बोलल्या, तेही भाकरी थापता थापता, "ख्रिश्चन झाली ती आत्ताची. मूळची कोण, कुणाला ठावं?" मी ऐकलं, आणि चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मी तेव्हा काही म्हटलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

डबा रात्रभर फळीवर राहायचा. सकाळी मी बिस्किटं एका फडक्यात बांधून रानात न्यायचे. टोळीतल्या लोकांच्या कोप्या आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला असतात, उसाच्या पाचटाच्या झोपड्या. बाया-माणसं तोडीला गेलेली, मागं पोरं. तिथं गाठोडं ठेवायचं आणि मागं फिरायचं. वर पुण्य केल्यासारखं वाटायचं, ते वेगळंच. मग डबा घासून-पुसून त्यात शेंगा नाहीतर गुळाची ढेप भरायची, कारण डबा रिकामा परत द्यायचा नसतो, एवढी रीत आम्ही अगदी काटेकोर पाळत होतो.

डबा द्यायला मीच जायचे. दारातूनच म्हणायचे, "लई भारी झाली व्हती बिस्किटं, सिस्टर. पोरांनी एक शिल्लक ठिवलं न्हाई." यात पोरं कुणाची, ते मी बोलायचे नाही. सिस्टर म्हणायच्या, "या ना वहिनी, चहा टाकते." मी म्हणायचे, "आत्ताच झाला." माझा चहा कायम आत्ताच झालेला असायचा.

असं काही वर्षं चाललं आणि मला वाटायला लागलं, दरवेळी नुसतं छान छान म्हटलं तर यांना संशय येईल. खाणारा माणूस काहीतरी खोड काढतोच. म्हणून एका वर्षी डबा परत देताना मी मान तिरकी करून, अगदी जिभेवर चव आठवल्यासारखं म्हणाले, "झाली व्हती भारीच. पण यंदा जरा गोड कमी वाटली."

सिस्टर म्हणाल्या, "हो का? बघते पुढच्या वेळी."

घरी येताना मी माझ्याच हुशारीवर खूश होते. ही हुशारी मला किती महागात पडणार आहे, ते तेव्हा कळलं नाही.

सासूबाई शेवटचे काही महिने अंथरुणाला खिळल्या होत्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांना दिवसातून कितीदा तरी कुशीवर वळवायचं, जखम धुवायची, इंजेक्शन द्यायचं, हे सगळं सिस्टरांनी केलं. कुणी बोलवायची वाट पाहिली नाही. सासूबाईंना त्यांच्या हातचं पाणी चालायला लागलं, औषध चाललं, शेवटी तर पेजसुद्धा सिस्टरांनी भरवली तरच जायची. सासूबाई गेल्या, त्याच वर्षी नाताळला डबा आला. आता फळीवर ठेव म्हणणारं घरात कुणी नव्हतं. आणि तरी मी तो फळीवर ठेवला. सकाळी बिस्किटं फडक्यात बांधली. सासूबाईंच्या नावावर इतकी वर्षं खपवलेली गोष्ट माझी स्वतःचीच होती, हे मला त्या दिवशी विहिरीच्या वाटेवर लख्ख कळलं. कळूनही मी परत फिरले नाही. ह्याची लाज मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटते.

गेल्या वर्षी सिस्टर अंगणात पाय घसरून पडल्या आणि उजव्या मनगटाला प्लॅस्टर बसलं. नाताळ तोंडावर. लेकीला सुट्टी थेट आदल्या संध्याकाळी. त्या आमच्या दारात येऊन म्हणाल्या, "वहिनी, तासभर येता का? सोऱ्या दाबायला हात नाही हो माझा." आत्ताच झाला, असं म्हणायला हा काही चहा नव्हता. गेले.

इतक्या वर्षांत मी त्यांच्या स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकलं नव्हतं. लेकीनं घेऊन दिलेला छोटा ओव्हन फ्रीजवर कव्हर घालून बसवलेला. सिस्टरांचा विश्वास त्यांच्या जुन्या पातेल्यावर. मोठं जर्मनचं पातेलं, तळाला घोडनदीची धुतलेली वाळू, त्यावर लोखंडी तिवई, तिवईवर बिस्किटांचं ताट आणि झाकणावर निखारे. ही वाळू त्या वर्षभर एका डब्यात राखून ठेवतात. पीठ त्यांनी डाव्या हातानं कसंबसं मळून ठेवलं होतं. मी सोऱ्याला पट्टीची चकती लावून पीठ भरलं आणि दाबायला बसले. रेघारेघांच्या लांब पट्ट्या पडत होत्या, सिस्टर डाव्या हातानं सुरीनं त्यांचे तुकडे करत होत्या.

मी सहज बोलायचं म्हणून विचारलं, "अंडी किती घातली?"

"अंडी?" त्या म्हणाल्या. "अंडी कुठली? तुमच्या सासूबाई माळकरी. पहिल्याच वर्षी मला कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून घालतच नाही. माझ्या आईच्या बिस्किटांत असायची. पण पातेलं एकच, ताट एकच. तुमची वेगळी करून त्याच भांड्यात भाजली तर ते काही खरं नाही. म्हणून सगळीच बिनअंड्याची. माझी लेक लहानपणापासून हीच खातेय."

माझे हात सोऱ्यावर थांबले. सिस्टरांना वाटलं, पीठ घट्ट झालंय. त्यांनी चमचाभर दूध आणून दिलं.

पहिलं ताट निघालं. कडा तांबूस झालेल्या, वास तर असा की परसातून येणारा वास काहीच नव्हे. सिस्टरांनी एक बिस्कीट बशीत घालून माझ्यासमोर ठेवलं. "गरम आहे, जपून. सांगा कसं झालंय."

मी उचललं आणि खाल्लं. सिस्टरांच्या हातचं माझ्या आयुष्यातलं ते पहिलं बिस्कीट. आणि ते इतकं गोड होतं की माझे दात शिवशिवले. जायफळ लागेना, वेलची लागेना, तुपाची चव लागेना, नुसती साखर. पहिला घास गिळेपर्यंत मला कळलं नाही. गिळला आणि कळलं.

सिस्टर माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "गोड बरोबर आहे ना आता? तुम्ही म्हणाला होता तेव्हापासून दरवर्षी थोडी थोडी वाढवतेय. लेक ओरडते, आई, ही बिस्किटं आहेत की साखरेचे खडे? मी म्हटलं, शेजारी आवडीनं खातात. मला काय, मला शुगर. मी सणाचं म्हणून एकच तोंडात टाकते."

तेव्हा मला "झकास" म्हणून उठता आलं असतं. इतकी वर्षं तेच केलं होतं, एकदा आणखी काय जड होतं? पण तोंडात ती साखर होती. आपल्या आईची चव त्या बाईनं आमच्यासाठी दोनदा मोडली होती, एकदा आमच्या सोवळ्यासाठी आणि एकदा माझ्या थापेसाठी.

मी म्हणाले, "सिस्टर, साखर लई जास्त झालीय."

"पण तुम्हीच तर..."

"मी खाल्लंच नव्हतं. आमच्यात कुणीच कधी खाल्लं न्हाई. मी आपलं असंच बोलले व्हते."

त्यांना ते लगेच समजलं नाही. झाकणावरचा एक निखारा चिमट्यानं सरळ करत त्या म्हणाल्या, "पण डबा तर दरवर्षी रिकामा होऊन यायचा."

"टोळीतल्या पोरांना देत व्हते. कोपीवर नेऊन."

सिस्टरांनी चिमटा खाली ठेवला. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर जा म्हणतील. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं. पण त्यांनी दुसरं ताट पातेल्यात ठेवलं, झाकण लावलं, आणि मग साध्या आवाजात विचारलं, "त्या पोरांना आवडायची का?"

मी कधी थांबलेच नव्हते. गाठोडं खाली ठेवायचं आणि कुणी बघायच्या आत मागं फिरायचं, एवढंच मी केलं होतं. त्यांनी ती खाल्ली की कुत्र्याला घातली, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मी मान खाली घालून सोऱ्यात पीठ भरलं. उरलेली सगळी बिस्किटं आम्ही दोघींनी मिळून केली. निघताना त्यांनी डबा भरला नाही. मीही थांबले नाही.

त्यानंतर बोलणं काही बंद झालं नाही. भिंतीवरून कोथिंबीर येते, कढीपत्ता जातो. त्यांच्या हाताचं प्लॅस्टर काढायला नारायणगावला मीच घेऊन गेले. आता मी त्यांच्याकडे चहा पिते, दोनदा विचारलं तर दोनदा. पण त्या दिवसाचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मला काढायचं धाडस झालं नाही.

यंदा दिवाळीत फराळाचा डबा घेऊन गेले. करंज्या यंदा मनासारख्या जमल्या होत्या, सारण भरपूर, खुसखुशीत. चार दिवसांनी सिस्टर डबा परत द्यायला आमच्या दारात आल्या. डब्यात त्यांच्या झाडाचे पेरू होते. मी म्हटलं, "बसा ना, चहा टाकते."

"आत्ताच झाला," त्या म्हणाल्या.

मी डबा घेतला. त्या पायरी उतरल्या आणि मग वळल्या. मान जराशी तिरकी केली.

"करंज्या छान झाल्या होत्या हो, वहिनी. फक्त यंदा जरा गोड कमी वाटल्या."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या हसत नव्हत्या. करंज्या त्यांनी खाल्ल्या की नाही, हे मला अजून माहीत नाही, आणि नाताळ आता महिन्यावर आला आहे.