खर्जातले तीन सूर

तातू मेस्त्रीने पटाशी फळीवर टेकवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"सायब, हयसर पोकळ आसा. मारू?"

फळी एका उभ्या पियानोच्या पाठीची होती. पियानो बंदरावरच्या शेडमध्ये, सुक्या बांगड्याच्या गोण्यांना लागून उभा होता. त्याची मालकीण मध्ये आली आणि तिने पटाशीच्या पात्यापुढे उघडा तळवा धरला.

"बाय, तुमी बाजूक रवा," मेस्त्री म्हणाला. "हाताक लागात."

ती हलली नाही.

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता. तिथून सोनं येई, आणि ते अडवायला किनाऱ्यावर जकात खात्याच्या चौक्या होत्या. मालवणच्या खाली, एका खाडीच्या तोंडावरच्या चौकीत मी इन्स्पेक्टर होतो. चौकीचं नाव लिहीत नाही. नोकरीला दहा महिने झाले होते. दोन महिन्यांनी कन्फर्मेशन, म्हणजे कायम करण्याचा हुकूम, यायचा होता. तो माझ्या सुपरिंटेंडंटच्या शेऱ्यावर अवलंबून होता. ते त्या दिवशी स्वतः जीपने आले होते, कारण खबर त्यांच्याकडे आली होती. पणजीहून येणाऱ्या मचव्यात एक पियानो आहे आणि त्यात सोनं आहे, एवढीच खबर.

पियानो कुमुदबाईंचा होता. वय तिशीच्या आसपास. माहेर मालवणचं, सासर पणजीचं. नवरा वर्षापूर्वी वारला होता. मालवणात वडील अर्धांगाने अंथरुणावर होते, म्हणून त्या परत आल्या होत्या. पियानो त्या लग्नाआधीपासून शिकत होत्या आणि दोन महिन्यांनी मुंबईच्या एका हॉलमध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम ठरला होता. वडिलांना सोडून मुंबईत राहून सराव करणं शक्य नव्हतं. मालवणात दुसरा पियानो नव्हता. हे सगळं त्यांनी सकाळीच, न विचारता, एका दमात सांगितलं होतं. घाबरलेला माणूस तसं बोलतो. लपवणारा माणूसही तसंच बोलतो. दोन्हीत फरक कसा करायचा हे मला ठाऊक नव्हतं.

तपासणीची आमची पद्धत साधी होती. ठोकून पाहायचं. होडीचा तळ, पेटाऱ्याचं बूड, पलंगाचा पाय. भरीव असायला हवं तिथे पोकळ आवाज आला की आत कप्पा आहे असं समजायचं आणि फोडायचं. तातू मेस्त्री होड्या बांधायचा आणि आमच्यासाठी फोडायचा. त्याचा कान चुकत नसे.

पियानोच्या पुढच्या फळ्या आम्ही काढल्या होत्या. आत लोखंडी चौकट आणि तारा. मागे उभे जाड खांब आणि खांबांच्या आत ती फळी. ती मेस्त्रीने ठोकली तर खांबांआडची जागा सोडून वरपासून खालपर्यंत पोकळ वाजली.

"सगळोच पोकळ आसा," तो म्हणाला. एवढा मोठा कप्पा त्याने आयुष्यात पाहिला नव्हता.

"साहेब, ती पोकळच असते," कुमुदबाई म्हणाल्या. "तारांचा आवाज ह्या फळीतून येतो. तबल्याला जशी पुडी, तशी ही. हिला भोक पडलं की पियानो संपला. मालवणात काय, मुंबईतसुद्धा कोणी दुरुस्त करून देणार नाही."

"आत काही नाही हे कशावरून?" सुपरिंटेंडंटसाहेबांनी विचारलं.

"हिला 'आत'च नाही, साहेब. एकच फळी आहे. बोटाएवढीसुद्धा जाड नाही."

"असं प्रत्येक जण म्हणतो, बाई." साहेबांनी घड्याळ पाहिलं. "चारला मला निघायचंय. मेस्त्री, सुरू करा."

मी तेव्हा जे बोललो ते शहाणपणाने बोललो नाही. ती पटाशी चुकीच्या जागी बसली तर पंचनाम्यावर सही माझी असणार होती, एवढंच डोक्यात होतं. म्हणालो, "साहेब, आधी वाजवून पाहूया का? आत काही असेल तर आवाजात कळेल."

"तुला कळतं त्यातलं?"

"नाही."

"मग?"

"मला कळतं," कुमुदबाई म्हणाल्या. लगेच त्यांच्या लक्षात आलं की आपण काय कबूल केलं. वाजवायचं त्यांनी, दोष सांगायचाही त्यांनी, आणि दोष निघाला तर आरोपीही त्याच. पण पटाशी अजून फळीवर होती. साहेबांनी मान डोलावली.

त्या बसल्या माशांच्या खोक्यावर. हात पदरात धरून ऊब देत राहिल्या. मे महिना होता.

"जोरात वाजवलं तर काही कळणार नाही," त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "जोरात सगळं झाकतं. मी कार्यक्रमातलं वाजवते. फ्रेंच आहे. हळू आहे. त्यात काही लपत नाही."

ज्यांनी हे संगीत ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी, नंतर मला कळलं तेवढं लिहितो. याला इम्प्रेशनिस्ट म्हणतात. शब्द चित्रकारांकडून आला. हे चित्रकार होडी रेखून काढत नसत, होडीवर पडलेला उजेड काढत. संगीतातही तसंच. ठसठशीत चाल नसते. सूर लावायचे आणि ते हवेत राहू द्यायचे. त्यासाठी पियानोला पायाशी एक पेडल असतं. ते दाबलं की तारांवरचे लोकरीचे गट्टू उचलले जातात आणि सगळ्या तारा मोकळ्या होतात. मग एक तार वाजवली तरी तिच्याशी जुळणाऱ्या इतर तारा आपोआप थरथरतात. तंबोऱ्याजवळ कोणी सूर लावला की तंबोरा गुणगुणतो, तसं. वाजवणाऱ्याचं निम्मं काम बोटात असतं आणि निम्मं काम सूर विरताना ऐकण्यात.

त्यांनी सुरुवात केली. पहिल्यांदा बोट घसरलं. पुन्हा सुरुवात केली. वरच्या पट्टीत काही सूर पडले, एकेक, मध्ये भरपूर जागा सोडून. समुद्रप्रवासाने दोनतीन तारा उतरल्या होत्या. ते मलाही कळलं. हमाल गोण्या टाकून बघत राहिले. मिनिटभर असं चाललं.

"सूर लावून झाले काय, बाय?" तातू मेस्त्रीने विचारलं. "आता कायतरी वाजवा."

हमाल हसले. साहेबही हसले. कुमुदबाईंनी ऐकलं नसावं. डावा हात खाली, खर्जाकडे गेला. तिथे एक एक सूर लांबवर सोडायचा होता, वरचे सूर त्यावर तरंगायचे होते.

तिथे त्या थांबल्या.

मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. मी त्यांचा चेहरा पाहत होतो म्हणून मला कळलं. सकाळपासून त्या घाबरलेल्या होत्या. ही भीती निराळी होती. सकाळची भीती आमची होती. आता त्या पियानोकडे पाहत होत्या.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

त्यांनी मागे वळून सांगायला हरकत नव्हती की तुकडा इथेच संपतो. आम्हा कोणालाही कळलं नसतं. मेस्त्रीने पटाशी कमरेला खोचली होती. साहेबांची जीप चारला होती. पंधरावीस सेकंदं गेली असतील.

मग त्यांनी डाव्या हाताने तोच सूर पुन्हा वाजवला. त्याच्या शेजारचा. त्याच्या शेजारचा.

"हे तीन मेलेत," त्या म्हणाल्या. "वाजतात आणि लगेच पडतात. पणजीत असं नव्हतं."

त्यांनी मला खोक्यावर बसवलं आणि कोणती पट्टी दाबायची ते दाखवलं. आयुष्यात पियानोला लावलेलं ते माझं पहिलं बोट. मी दाबत राहिलो. त्या मागे गेल्या आणि फळीवर तळवा ठेवत पुढे सरकल्या.

"इथे थरथरते. इथे थरथरते." थोड्या वेळाने: "इथे नाही."

मागून पाहिलं तर उजवीकडचा शेवटचा खांब. खांब आणि फळी यांच्यामध्ये दोन बोटांची फट असते. मेस्त्रीने त्यात तार घातली आणि काळ्या कापडात शिवलेली एक चपटी पुरचुंडी ओढून काढली. ती फळीला घट्ट टेकून बसवलेली होती. खांबाआड असल्याने दिसत नव्हती, आणि ठोकताना तेवढी जागा भरीव लागली ती खांबामुळे, असं मेस्त्रीने धरलं होतं. सबंध पोकळ फळीत आम्हाला भरीव जागा शोधायची होती. आम्ही सकाळपासून उलटं शोधत होतो.

पुरचुंडीत सोनं होतं. कुमुदबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

"पॅक कोणी केला?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या दिरांनी." दिराचं नाव घेतल्यावर पणजीचं घर त्यांना बंद झालं, हे त्यांनाही कळलं असावं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"मग बाई, पुढे वाजवत का गेला नाहीत? आम्हाला काय कळणार होतं?"

त्यांनी वर पाहिलं. साहेबांपुढची मराठी गळून पडली होती. "माका आयकाक इला," त्या म्हणाल्या. एवढंच.

दोन पंच बोलावले. पंचनामा, म्हणजे काय सापडलं आणि कसं सापडलं याची साक्षीदारांसमोर केलेली नोंद. लिहायला मी बसलो, सांगायला साहेब.

"लिही. वाद्याची तपासणी करीत असता खालच्या सुरांत फरक आढळल्याने सदर इन्स्पेक्टरास संशय आला."

"साहेब, तो बाईंनी..."

"बाई आरोपी आहे." साहेबांनी आवाज चढवला नाही. "आरोपीने स्वतः दाखवलं असं लिहिलंस तर वरून विचारतील, तुम्ही दोघं काय गाणं ऐकायला गेला होता? आणि तुझं कन्फर्मेशन कधी आहे म्हणालास?"

मी लिहिलं. पंचांनी सही केली. एकाने अंगठा उठवला. कुमुदबाईंनी न वाचता सही केली. कागद मी धरला.

या वाक्याचा परिणाम काय होणार हे मला ठाऊक होतं, म्हणून ते इथे सांगणं भाग आहे. लपवलेल्या मालाबरोबर तो ज्यात लपवला ती वस्तूही जप्त होते. पण मालकाने स्वतःहून दाखवला असेल तर वरिष्ठ ती वस्तू सोडू शकत. सोडतही.

सुनावणीला कुमुदबाई एकट्या आल्या. आपल्याला काही माहीत नव्हतं, आपणच दाखवलं, असं त्यांनी सांगितलं. अधिकाऱ्याने माझ्याकडे वळून विचारलं, "फरक कोणी ओळखला?"

साहेब माझ्या शेजारी बसले होते.

"पंचनाम्यात लिहिलंय तसं, सर," मी म्हणालो.

कुमुदबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. वाजवताना त्या सूर विरेपर्यंत ऐकत, तशा त्या ऐकत होत्या.

आरोपातून त्या सुटल्या, कारण दीर पणजीतून पळाला होता आणि सोनं त्याचंच असं धरलं गेलं. पियानो जप्त झाला. मुंबईचा कार्यक्रम त्यांनी तार करून रद्द केला. पुढे त्या मालवणात मुलींना पेटी शिकवत, असं ऐकलं. मी त्या गल्लीतून जाणं टाळत असे. माझं कन्फर्मेशन वेळेवर आलं, सोबत शाबासकीचं पत्र. त्यात माझ्या 'तीक्ष्ण श्रवणशक्ती'चा उल्लेख होता.

पियानो शेडमध्ये दोन पावसाळे राहिला. लिलावात गिऱ्हाईक मिळालं नाही. दुसऱ्या खेपेला तातू मेस्त्रीने तो लाकूड म्हणून घेतला. बदली होऊन जाताना मी त्याला विचारलं, मागच्या फळीचं काय केलंस?

"ता लाकूड मऊ, सायब. होडयेक चलाचा नाय," तो म्हणाला. "न्हाणयेच्या दाराक लायलंय."

नंतरच्या नोकरीत मी तसलं संगीत रेडिओवर लागलं की ऐकत आलो. आता थोडं कळतं. खर्जातला सूर मोकळा सुटलेला आहे की कशाला टेकून मरतोय, हे ओळखता येतं.

नव्या इन्स्पेक्टरांना मी दोन गोष्टी शिकवत असे. वाद्य तपासताना पोकळ जागा शोधू नका, भरीव शोधा, ही पहिली. दुसरी पंचनाम्याची: माल ज्याने दाखवला त्याचं नाव लिहा. माल कोणी पाहिला हे लिहायला त्यात जागा असते. कोणी ऐकला हे लिहायला नसते, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. जागा होती. अर्धी ओळ पुरली असती.