आत्यांनी बोलणं सोडलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तू मध्ये बोलू नकोस हं — एकदा थांबले की माझ्याच्यानं परत सुरू व्हायचं नाही.

इकडे गुजराती मुलखात, गोडादऱ्यात आमची एक खोली. हे कापडाच्या लूमवर जातात, मी घरी साड्यांना खडे चिकटवते. गोंद सुकायच्या आत खडा बसला पाहिजे. आणि खुशी तेव्हा रांगती, सारखी साडीवर यायची. मग काय, दिला मोबाईल! पोरगी जागची हलेना. शेजारणी म्हणायच्या, किती गुणाची गं तुझी लेक. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

माझ्या सासूबाई, आत्या म्हणते मी त्यांना, तेव्हा आमच्याकडेच होत्या. त्यांना अहिराणीशिवाय काही येत नाही. त्या खुशीला गोष्ट सांगायला हाका मारायच्या, "ये वं माय, तुले गोट सांगस." मोबाईल बाजूला केला की खुशी रडायची, आणि मी आत्यांवरच खेकसायचे — राहू द्या ना, माझा गोंद सुकतोय! त्या बिचाऱ्या मोबाईल परत तिच्या हातात द्यायच्या.

अडीच वर्षांची झाली तरी पोरगी बोलेना. हाक मारली तर बघायचीही नाही. आत्यांना बरोबर घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई गुजरातीत विचारत होत्या, मोबाईल किती बघते? मी म्हटलं, अर्धा तास. दिवसभर बघायची गं! बाईंचा विश्वास बसला नसावा. म्हणाल्या, मोबाईल बंदच करा, आणि आजीला हिच्याशी खूप बोलू द्या, त्यांच्या भाषेत. आत्यांना गुजराती कळत नव्हतं. मला चांगलं कळत होतं.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, काय म्हणाल्या? आणि माझ्या तोंडून निघालं — कसं सांगू तुला — मी म्हटलं, अहिराणीमुळे पोरगी गोंधळली आहे. आत्यांसमोर. आत्यांचा चेहरा इतकुसा झाला. ह्यांना खोटं वाटलं नाही, आत्यांनाही नाही.

त्या दिवसापासून त्यांनी खुशीशी बोलणं सोडलं. ती जवळ गेली की तोंडावर पदर धरायच्या. महिनाभर तशाच बसून राहिल्या, मग गावी निघून गेल्या. मी थांबवलं? छे. सुटकाच वाटली मला. मोबाईल पुढे बंद केला मी, पण तेव्हा बोलायला घरात उरलं होतं कोण? मी आणि माझे खडे. दिवस दिवस आम्ही दोघी गप्प.

आता खुशी पाच वर्षांची आहे. बोलते — उशिरा, अडखळत, पण बोलते. रविवारी हे गावी व्हिडिओ कॉल लावतात. आत्या नातीला बघून हसतात, हात हलवतात. ओठ मात्र घट्ट मिटलेले. आपल्या बोलण्यानं पोरीचं पुन्हा वाईट व्हायला नको, म्हणून.

परवा फोन ठेवल्यावर खुशीनं मला विचारलं, आजीला बोलता येत नाही का?

मी म्हटलं, नाही येत.